एका बाजूनं मोकळा थर

"आधी हात."

प्रयोगशाळेच्या दारात कुणी पाऊल ठेवलं की सर एवढे दोनच शब्द बोलायचे. नमस्कार नाही, या-बसा नाही. प्राचार्य आले तरी तेच, टपाल घेऊन शिपाई आला तरी तेच. दाराशेजारच्या बेसिनकडे बोट करायचं आणि समोरचा माणूस हात धुऊन, पुसून, कोरडे करून येईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा संस्थेचे एक संचालक आले होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, दोन्ही हातांत अंगठ्या. सर त्यांनाही म्हणाले, "आधी हात." संचालक हसले. सर हसले नाहीत. शेवटी संचालकांनी अंगठ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि निमूट हात धुतले.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि मोकळे होतो. मीही झालो असतो. पण मी बारामतीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो, आणि हे वेड लागायच्या आधीचे सर मी पाहिलेले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्याकडे लागले. पळसदेवच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. घरात पूर्वी मेंढरं होती. उजनी धरणाचं पाणी आल्यावर वडिलांनी कळप विकला आणि शेतीत शिरले. सर वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण माझ्यापाशी एकटे असले की घरची भाषा निघायची. मी वयानं मोठा, म्हणून मला तात्या म्हणायचे. त्या वेळी त्यांच्या कपाटात एक काळी घोंगडी घडी करून ठेवलेली असे. दुपारी तासिका नसली की ती बाकावर टाकून खुशाल आडवे व्हायचे.

शिकवायचे मात्र झोपलेल्याला उठवतील असं. पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर ते पारदर्शक बॉलपेनची रिकामी नळी स्टँडला आडवी अडकवायचे आणि खाली लांबवर स्पिरिटचा दिवा ठेवायचे. "बर्फाचं एका क्षणी पाणी होतं. याचं तसं होतं का, बघा." पोरं बघत बसायची. नळी ताठ असायची, ताठच असायची, आणि मग कधीतरी तिचं टोक हळूच खाली झुकायचं. "वितळली का?" "नाही सर." "थेंब पडला का?" "नाही सर." "मग काय झालं? नुसतं काचपण सुटलं. आतले रेणू लांबलचक, दोऱ्यासारखे. थंडीत एकमेकांत अडकून गारठून बसले होते, ते आता हलायला लागले." या काचपण सुटण्याला शास्त्रात मोठं नाव आहे. सरांचा शब्द सोपा होता, आमच्या विभागात तोच रुळला.

याच विषयात पुण्याच्या एका संस्थेत त्यांचं डॉक्टरेटचं काम चालू होतं. प्रश्न असा होता, की हेच प्लास्टिक इतकं पातळ पसरलं की त्या लांब रेणूंना अंग पसरायलाही जागा उरू नये, तर त्याचं काचपण तेवढ्याच उष्णतेला सुटतं, का लवकर, का उशिरा? मला एकदा म्हणाले, "माणूस कोंडला की काय करतो ते सगळ्यांना म्हाईत हाय, तात्या. रेणू कोंडला की काय करतो, ते अजून कुणाला नीट म्हाईत न्हाय."

पातळ थर करायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. मिक्सरची मोटर, तिला पंख्याचा रेग्युलेटर. मोटरवर आरशासारखा चकचकीत सिलिकॉनचा तुकडा बसवायचा, त्यावर टोल्युइनमध्ये विरघळवलेलं प्लास्टिक ठिबकवायचं आणि गरकन फिरवायचं. जास्तीचं उडून जायचं, उरायचा तो थर डोळ्यांना दिसायचा नाही. नुसता रंग दिसायचा. तपकिरी म्हणजे फार पातळ, निळा म्हणजे थोडा जाड.

एकदा त्यांचे वडील बाजाराला आले होते, ते कॉलेजातही आले. डोक्याला पटका, हातात काठी. सरांनी मोठ्या हौसेनं त्यांना तो तुकडा दाखवला.

"कुठं हाय?" म्हातारा म्हणाला.

"ह्यो काय आबा. वर थर हाय. केसाच्या हजाराव्या भागाएवढा."

म्हाताऱ्यानं तुकडा लांब धरला, जवळ धरला, परत दिला. "इतकं पातळ करून काय झाकायचं हाय?"

"झाकायचं न्हाय आबा. बघायचं."

"मला तर काय दिसंना बाबा. तुला दिसतंय न्हवं? मग झालं."

सर दिवसभर ते वाक्य सांगून हसत होते.

मोजमापाचं यंत्र पुण्यात होतं. थर तापवत न्यायचा आणि त्याची जाडी कशी वाढते ते बघायचं. आलेखाची रेघ जिथं वाकते, तिथं काचपण सुटलं. जाड थराची रेघ पाणी उकळतं त्याच्या आसपास वाकायची, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पातळ थराची मात्र त्याच्या खूप आधी. जितका थर पातळ, तितकी आधी. सरांनी ते पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि मग त्यांच्या गाईडनी त्यांना संस्थेच्या चर्चासत्रात ते मांडायला सांगितलं. मी त्या दिवशी कॉलेजची काचेची भांडी आणायला पुण्यात होतो. मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

गाईड गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ होते. ते कधी कुणाला ओरडल्याचं मी ऐकलं नाही. सरांचं मांडून झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे कोंडल्यावर पदार्थ अधिक कडक व्हायचा सोडून मऊ होतो, असं तुमचं म्हणणं. जगात कुणाला दिसलं नाही, ते बारामतीत दिसलं." लोक हसले. "दोन शक्यता आहेत. एक, तुमच्या थरात टोल्युइन शिल्लक राहतं. दुसरी," त्यांनी कोपऱ्यात ठेवलेल्या सरांच्या पिशवीकडे पाहिलं. वरच्या तोंडातून घोंगडीची घडी बाहेर आली होती, कारण रात्री सर तिथंच व्हरांड्यात झोपायचे. "दुसरी शक्यता म्हणजे थरावर मेंढराची लोकर पडत असावी. आधी हात धुवा, मग शोध लावा."

सगळी खोली हसली. सर फळ्यापाशी उभे होते. तेही हसले. मला ते हसणं अजून दिसतं. दात दिसत होते आणि मान खाली होती.

घोंगडी पुन्हा कधी कॉलेजात आली नाही. पौषातल्या थंडीतही नाही. दारातला "आधी हात" मात्र त्यानंतरच्या सोमवारी सुरू झाला.

टोल्युइनची शंका रास्त होती, हे सर स्वतः म्हणायचे. शिल्लक राहिलेला द्राव प्लास्टिकला मऊ करतो, हे खरंच. मग त्यांनी थर निर्वात भट्टीत वाळवायला सुरुवात केली. दिवसच्या दिवस. मध्येच लाईट जायची, पंप बंद पडायचा, की पुन्हा पहिल्यापासून. एका सकाळी भट्टी उघडली तर ठसका लागला. आतल्या कप्प्यात आमच्या विभागप्रमुखांनी लाल मिरच्या पसरून ठेवल्या होत्या. सर काही बोलायच्या आत विभागप्रमुख म्हणाले, "अहो, उष्णता ती उष्णता. मिरचीला लागली काय, प्लास्टिकला लागली काय." पुढच्या चहाला स्टाफरूममध्ये तो विनोद झाला. सरांनी भट्टी पुसायला घेतली. फडक्यानं, मग स्पिरिटनं, मग पुन्हा फडक्यानं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते मिरचीचं होतं, असं मला वाटतं.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. शंका फिटली. कोरडा ठणठणीत थरसुद्धा लवकरच मऊ व्हायचा. वर त्यांनी आणखी एक केलं. तसाच थर दोन पृष्ठभागांच्या मध्ये धरला, दोन्हीकडून घट्ट चिकटलेला. तो लवकर मऊ झाला नाही. मला समजावून सांगताना त्यांनी एक तळहात बाकावर ठेवला आणि दुसरा त्याच्यावर दाबला. "दोन्हीकडनं धरला की गप बसतो." मग वरचा हात काढला. "एक बाजू मोकळी ठेवली, की वरचे रेणू हलाय लागतात. त्यांच्या डोक्यावर कुणी न्हाय ना. त्यांच्यामुळं खालचे बी सुटतात. थर जाड असला तर खालच्यांना पत्ता लागत न्हाय. पातळ असला की सगळ्यांना लागतो."

याच काळात मंगल आमच्याकडे आली. बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. तिच्या घरचे अजून मेंढरं राखायचे, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे. ती शिक्षणासाठी बारामतीत आत्याकडे राहायची. सरांसारख्याच घरातला माणूस फळ्यापाशी उभा राहून शिकवतो, हे बघून तिनं भौतिकशास्त्र घेतलं होतं, असं ती मला म्हणाली होती. हात इतका हलका, की सरांच्या थरापेक्षा तिचा थर एकसारखा यायचा. सर तिला मोटर चालवू द्यायचे. दुसऱ्या कुणाला ते त्या बाकाजवळही उभं करत नसत. "मंगल, तू पुढं जाशील," असं ते मी ऐकत असताना किती वेळा तरी म्हणाले होते. ती मान खाली घालून हसायची आणि दिवसभर तरंगत असायची.

मग एकदा मी आणि सर पुण्याहून एकाच एस.टी.नं परतत होतो. पाटस आलं. गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, आम्ही बसूनच राहिलो.

"गाईडनी चहा पाजला आज," सर म्हणाले.

"मग बरं झालं की."

"म्हणाले, तुमचं खरं होतं. परदेशात कुणीतरी हेच काम छापलंय. पातळ थराचं काचपण लवकर सुटतं. आता सगळं जग त्याच्या मागं लागणार." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला अभिनंदन म्हणाले, तात्या. हात हातात घेऊन. आन् म्हणाले, आता ह्यात नवीन काय राह्यलं न्हाय. दुसरा विषय घ्या."

"आन् तुमचे एवढे थर?"

"ते म्हणाले, शंका घेणं माझं कामच होतं. तुमीच जरा उशीर केलात." 

सर पुढं म्हणाले, "आवाज इतका गोड होता, की मी आभार मानूनच बाहेर आलो."

दुसरा विषय घ्यायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता. तेव्हा नियम आले होते. नेट नाहीतर डॉक्टरेट, त्याशिवाय प्राध्यापकाची नेमणूक पक्की व्हायची नाही. सर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. त्या वर्षी विद्यापीठाची एक समिती यायची होती, तिच्या शिफारशीवर बरंच काही होतं. समितीत त्यांचे गाईडही होते. सरांना वाटलं, ही शेवटची संधी. निदान काम तरी डोळ्यांनी बघतील. लोकांसमोर थर करून दाखवायचा त्यांनी बेत केला. मोटर चालवायला मंगल.

ती त्या सकाळी थेट कळपाच्या तळावरून आली होती. तिच्या घरच्यांचा मुक्काम गावाबाहेर पडला होता, दुसऱ्या दिवशी ते पुढं निघणार होते, म्हणून रात्री ती आईपाशी राहिली. समितीच्या बऱ्याच आधी आली, माझ्यादेखत कोपरापर्यंत हात धुतले, ओढणी पाठीमागं घट्ट बांधली आणि बाकापाशी उभी राहिली. 

समिती आली. विभागप्रमुख पुढं, मागं पाहुणे. सर बोलायला लागले. बोलत होते चांगलं. मंगलनं थेंब सोडला, मोटर फिरली, थांबली. गाईडनी तुकडा चिमट्यानं उचलला आणि उजेडाकडे तिरका धरला. सुरेख तपकिरी रंग आला होता. मधोमध मात्र एक कण होता आणि त्याच्यामागं धूमकेतूसारखी शेपटी.

"हे काय?" गाईडनी विचारलं. तोच मृदू आवाज.

खिडकी उघडी होती. खाली बांधकाम चाललं होतं. धुळीचा कण कुठूनही येऊ शकतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सरांना सगळ्यांत जास्त. क्षणभर ते गाईडच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले.

"ही आमची मंगल," ते म्हणाले. "हिच्या घरी मेंढरं आहेत, सर. लोकर पडली असेल."

गाईड सगळ्यांत मोठ्यानं हसले. "वा! म्हणजे घोंगडी आता इकडं आली." विभागप्रमुख हसले, ज्यांना मागचा संदर्भ माहीत नव्हता तेही हसले. आणि सर त्यांच्यात उभे राहून हसत होते. या वेळी त्यांची मान वर होती.

मंगल हसली नाही, रडलीही नाही. तिनं गाईडच्या हातातून चिमटा घेतला. तुकडा टोल्युइनमध्ये धुतला, वाळवला, पुन्हा मोटरवर बसवला, थेंब सोडला. पाहुणे तोपर्यंत दाराकडे वळले होते. मोटर थांबल्यावर तिनं तुकडा उचलून सरांपुढं धरला. एक डाग नव्हता.

"घ्या सर," ती म्हणाली.

समिती गेल्यावर सर परत आले. "मंगल, अगं, ते मी..."

"हो सर."

"तसं न्हवतं गं म्हणायचं मला."

"हो सर."

वर्ष संपेपर्यंत तिनं त्यांच्याशी तेवढंच बोलणं ठेवलं. एकही तास बुडवला नाही. वही वेळेवर, प्रयोग वेळेवर. त्यांनी प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर यायचं. त्यांनी स्वतःची पुस्तकं तिला वाचायला दिली, ती तिनं दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "सरांना द्या तात्या," म्हणाली. मोटरच्या बाकाकडे मात्र ती पुन्हा फिरकली नाही. सर तिच्या पाठीमागं उभे राहायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, आणि दुसऱ्याच कुणाला तरी ओरडायचे. त्या वर्षात त्यांनी पोरांना फार छळलं. एकाचं आलेखाचं पान सगळ्यांसमोर फाडलं, एकाला त्याच्या इंग्रजीवरून रडवलं. पोरं त्यांना घाबरायला लागली. आधी ती त्यांच्यावर जीव टाकायची, हे नव्या पोरांना सांगूनही खरं वाटलं नसतं.

समितीनं त्यांची शिफारस केली नाहीच. उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपली. निरोप समारंभ झाला नाही, कारण तात्पुरत्या माणसाचा करत नाहीत. विभागप्रमुखांनी मोटर खोलून घेतली. घरचा मिक्सर बिघडला होता म्हणे. सर कपाट रिकामं करत होते, तेव्हा मी विचारलं, "हे तुकडे?" बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून थर होते, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. "टाका," म्हणाले. मग स्वतःच डबा काखेत मारून गेले.

मंगल पुण्याला गेली. एम.एस्सी. झाली, नेट झाली आणि दशक संपता संपता आमच्याच विभागात प्राध्यापक म्हणून आली. पोरं तिला मॅडम म्हणायची, मीही म्हणायला लागलो. चांगली शिकवायची. कुणाचं घर काय, गाव काय, कधी विचारलं नाही. 

त्याच वर्षी गळिताच्या हंगामात मी भवानीनगरला एका लग्नाला गेलो होतो. तिथं कळलं, की सर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी कामाला आहेत. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे. मी गेटवर निरोप पाठवला. ते बाहेर आले. केस पुष्कळ पांढरे झाले होते, अंगाला मळीचा आंबूस वास होता. मला बघून खरंच आनंदले. गेटसमोरच्या टपरीवर आम्ही बसलो. शेजारून उसाच्या बैलगाड्या सरकत होत्या. त्यांनी माझ्या घरची सगळी चौकशी केली. वडील गेल्याचं सांगितलं. संशोधनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चहा आला, एक माझ्यापुढं, एक त्यांच्यापुढं.

"मंगल आली म्हणं आपल्याकडं," ते म्हणाले.

"व्हय. दुसरं सत्र चालू हाय."

"बरं शिकवती?"

"फार चांगलं शिकवती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझं नाव निघतं का कधी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण या माणसानं आयुष्यातली चांगली वर्षं खरं काय ते शोधण्यात घालवली होती.

"न्हाय सर."

"शिव्या तरी देत असंल."

"न्हाय. तुमचं नावच घेत न्हाय ती."

"कुणी इचारलं तर?"

"इचारलं होतं एकानं, आधी हितं कोण होतं म्हणून. ती म्हणाली, ध्यानात न्हाय."

बैलगाड्यांची रांग थोडी पुढं सरकली आणि थांबली. सरांनी स्वतःचा चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली, आणि बशी उचलून माझ्यापुढं ठेवली. माझा कप तर भरलेलाच होता. "घ्या तात्या, गार हुईल," असं म्हणून ते रिकाम्या हातांनी बसून राहिले.